चव्वेचाळिसावं पाकीट

त्र्याहत्तर साल. मार्चमधला मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. इतकं नेमकं आठवतं म्हणून कौतुक करू नका. या गोष्टीत जे वाईट झालं ते माझ्या आठवणीपायीच झालं. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात हाडांच्या विभागाचे कागद आणि एक्स-रे सांभाळायचं काम होतं माझ्याकडे. वरच्या फळीवरची एक जुनी फिल्म काढून मी लोखंडी स्टुलावरून उतरत होते. तीन पायऱ्यांचं स्टूल, दहा वर्षं रोज चढत-उतरत होते. दुसऱ्या पायरीवरून पाय टाकला तो जमीन आली असं समजून. जमीन अजून एक पायरी खाली होती. उजवा पाय आतल्या बाजूला वळला आणि खडू मोडावा तसा कोरडा आवाज झाला. दुखणं नंतर आलं. दुखण्याच्याही आधी, खाली बसता बसता, माझ्या डोक्यात एक आकडा आला: त्रेचाळीस. आणि त्याच्या मागोमाग, दार उघडताच मांजर घरात घुसावं तसा, एक शब्द आला: ऑपरेशन.

हे समजायला दोन वर्षं मागे जायला हवं. घोट्याची हाडं मोडली की दोन वाटा असतात. एक म्हणजे हाड हातानं जागेवर बसवायचं, मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं आणि वाट पाहायची. दुसरी म्हणजे कातडी उघडून, धातूची पट्टी आणि स्क्रू लावून हाड जोडायचं. काही पाय असे मोडतात की एकच वाट उरते. पण मधले पुष्कळ पाय असे असतात की एक डॉक्टर हे म्हणतो, दुसरा ते म्हणतो, आणि दोघंही तितक्याच खात्रीनं म्हणतात. आमच्या मोठ्या डॉक्टरांना या खात्रीचाच कंटाळा आला होता. "मला ठाऊक नाही, एवढं म्हणायला मला वीस वर्षं लागली, बाई," ते मला म्हणाले होते. म्हणून पाकिटं. मधल्या पायाचा रोगी आला, त्याला सगळं समजावलं, त्यानं सही केली, की पुढचं पाकीट फोडायचं. आत जे लिहिलं असेल ते करायचं. ऐंशी रोगी, आणि मग एक वर्षानं कोण कसं चालतं ते बघायचं.

ती पाकिटं मी भरली होती. ऐंशी चिठ्ठ्या, चाळिसांवर प्लास्टर, चाळिसांवर ऑपरेशन, घड्या करून पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेमध्ये कालवलेल्या. एकेक उचलायची, यादीत लिहायची, उजेडात धरली तरी दिसू नये म्हणून काळ्या कार्बन कागदात गुंडाळायची, खाकी पाकिटात घालून लाखेनं बंद करायची, वर आकडा टाकायचा. दुपारभर ते काम चाललं. संध्याकाळी यादी डॉक्टरांच्या कपाटात गेली आणि किल्ली त्यांच्या खिशात. "आता विसरून जा," ते हसत म्हणाले. सगळ्या इमारतीत ते काम मला दिलं, कारण तळघरातली बाई खात्रीची. तिला विसरता येतं का, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आई म्हणायची, हिच्या डोक्यात खुंट्या ठोकल्यात, अडकवलेलं काढता येत नाही. शाळेत तिसरीतली हजेरी मला अजून पाठ आहे. पाहुणे आले की आई मला उभी करून गल्लीतल्या बिऱ्हाडांची यादी म्हणायला लावायची, आणि पाहुणे हसायचे. यादी डोक्यात असली तर कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटलं. पाकीट मी थोडीच फोडणार होते? कितवं फुटलं याची नोंद तेवढी माझ्याकडे यायची.

मला चाकावरच्या खुर्चीतून वर नेलं. प्लास्टरच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझ्यानंतर दहा मिनिटांनी एक बाई आणून बसवली. तिच्या गळ्यात अजून मोजपट्टी होती. शाळांचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर होती. साबणाच्या पाण्यावरून घसरली होती. तिचाही उजवाच. सुजेनं घोट्याचा आकारच गेला होता, पण ती पायाकडे बघतच नव्हती. "पाय मशीनचा आहे हो," एवढंच ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. "डावा मोडला असता तर चाललं असतं. हा मशीनचा आहे." मी तिला म्हटलं, "बरा होईल." ती म्हणाली, "तुमच्या तोंडात साखर पडो. तुमचं काय झालं?" मी म्हटलं, "पायरी चुकले." त्यावर ती दुखत असतानाही हसली. "मोजायला चुकलात म्हणा की! माझं रोजचंच आहे ते."

धाकटे डॉक्टर दोन्ही फिल्म घेऊन आले. नवे होते, नाक पुसायलाही फुरसत नसायची. "दोन्ही पाय अभ्यासात बसतात," ते खूश होऊन म्हणाले. "बाई, तुम्हाला काय समजावू? तुम्हीच मला समजावाल. सही करणार ना?" इथे मला नाही म्हणता आलं असतं. पाकीट नको, सरळ प्लास्टर घाला, असं आठवड्याला एखादा रोगी म्हणायचाच, आणि आम्ही ते ऐकायचो. पण दोन वर्षं घाबरलेल्या लोकांना मी त्याच बाकावर सांगत आले होते, मी तुमच्या जागी असते तर डोळे मिटून सही केली असती. हे वाक्य माझ्याकडून निदान शंभर वेळा ऐकलेला माणूस दारात उभा होता, हाताला पांढरा लगदा. प्लास्टर घालणारा तो, पण सगळे त्याला कुंभार म्हणत. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "चला बाई, आज तुमची परीक्षा." मी सही केली. शिवणवालीनंही केली, मोठ्या अक्षरात, जीभ बाहेर काढून.

"तुम्ही आधी आलात, तुमचं पाकीट आधी," धाकटे डॉक्टर म्हणाले आणि टेबलाकडे वळले. टेबलावरच्या पाकिटांच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर त्रेचाळीस होतं. मला ते उलट्या बाजूनंही वाचता येत होतं. आणि मला माझ्या हातात वडिलांच्या चपला दिसल्या. मी नऊ वर्षांची होते. वडील पोटाच्या किरकोळ ऑपरेशनला घरापासून चालत गेले होते, वाटेत मला म्हणीचं कोडं घालत. आत जाताना त्यांनी चपला काढून माझ्याकडे दिल्या, "धर गं, आलोच." मी त्या छातीशी धरून बाकावर बसले. सकाळ गेली, दुपार गेली. मग काका आला आणि त्यानं माझ्या हातातून चपला घ्यायला बघितलं, तर माझी बोटं सुटेनात. नोंदींच्या कामात मी शेकडो ऑपरेशनांचे कागद लावले. बहुतेक सगळे धडधाकट घरी गेले, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण बोटांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

"त्यांना आधी घ्या," मी म्हटलं. "त्यांना फार दुखतंय. मी काय, घरचीच आहे."

किती सोपं होतं! आवाजसुद्धा कापला नाही. धाकट्या डॉक्टरांना, मला वाटतं, गहिवरूनच आलं. कुंभार म्हणाला, "याला म्हणतात माणूस." शिवणवालीनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "ताई, तुमचं भलं होईल." लाख फुटल्याचा आवाज आला. "ऑपरेशन," धाकट्यांनी वाचलं. ती पांढरी पडली, मग मान हलवून म्हणाली, "करा. पण मशीनचा आहे, सांभाळून." मग माझं. चव्वेचाळीस. मला वाचून दाखवायची गरजच नव्हती, तरी मी कान देऊन ऐकलं, आणि आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा केला.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर, गुडघा किंचित वाकवलेला, आणि दहा आठवडे जमिनीला पाय लावायचा नाही. चार माणसांनी खुर्चीतून वर चढवलं आणि खिडकीजवळच्या पलंगावर ठेवलं. ठेवलं हाच शब्द बरोबर आहे. घरात आम्ही तिघं: मी, आमचे हे, आणि ह्यांची थोरली बहीण, वन्सं, शाळेतून निवृत्त झालेल्या आणि शाळा न सुटलेल्या. "लहानपणी लंगडी राहिली असेल खेळायची," वन्सं म्हणाल्या, "घाला आता पोटभर." पण माझं सगळं त्यांनीच केलं, अगदी भांडं द्यायचं-घ्यायचंही, नाक वर करून आणि कधी न विसरता. हे वजनमापं तपासायच्या खात्यात होते. दिवसभर दुकानांतले तराजू तपासून यायचे आणि पलंगाशी बसून मला गंमत सांगायचे. "मोठा चोर वजन पोखरतो, तो सापडतो. छोटा चोर नुसतं पारड्यावर बोट ठेवतो. बोट उचललं की पुरावा संपला." मी म्हणायचे, "पुरे झालं तुमचं खातं." ते म्हणायचे, "का, कंटाळलीस?" आणि इस्पितळातल्या कुणाकडून तरी ऐकलेली माझी गोष्ट, दुखत असतानाही दुसरीला पुढे केल्याची, आल्यागेल्याला सांगायचे. माझ्यासमोर. मी पलंगावरून उठून जाऊ शकत नव्हते.

सकाळी अकराला ऊन पायाशी यायचं, दोनला छातीवर, चारला भिंतीवर. जिन्यातल्या पावलांवरून मला माणसं ओळखता येऊ लागली: पहिल्या मजल्यावरचा दम खाणारा, दुसऱ्या मजल्यावरची दोन-दोन पायऱ्या गाळणारी. सगळे पाय ठणठणीत, सगळे आपापल्या दाराशी थांबणारे. प्लास्टरच्या आत खाज सुटायची, ती घोट्याशी सुटायची आणि विणायची सुई तिथवर पोचायची नाही. सुई शिरते पण पोचत नाही, हे काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. तसंच माझ्या डोक्यातही होतं. मी काय केलं? खोटं बोलले नव्हते. तिला खरंच जास्त दुखत होतं. चोरी केली नव्हती. दोन पाकिटं, दोन पाय, कुणाला तरी हे आणि कुणाला तरी ते मिळणारच होतं. मोठे डॉक्टर स्वतःच म्हणत होते की दोन्ही सारखं असेल. मग मी तिच्याकडून काय घेतलं? हा प्रश्न मी रोज अकरापासून चारपर्यंत उलटापालटा करायचे, आणि रोज चार वाजता तो भिंतीवर चढून नाहीसा व्हायचा, न सुटता. कधी नुसतीच यादी सुरू व्हायची. एक प्लास्टर, दोन प्लास्टर, तीन ऑपरेशन. मी गाणं म्हणून बघायचे, पाढे म्हणून बघायचे. तेविसाच्या पाढ्याखालून यादी वाहतच राहायची.

तिसऱ्या आठवड्यात कुंभार माझं मडकं बघायला आला. प्लास्टरवर टिचक्या मारून म्हणाला, "पक्कं भाजलंय." मग वन्संनी दिलेला चहा बशीत ओतता ओतता म्हणाला, "तुमची त्रेचाळीस काही ठीक नाही हो, बाई. जखम गळतेय. ताप आहे. पुन्हा उघडतील म्हणतात." माझ्या हातातला कप मी पलंगावर ठेवला तो कलंडला. वन्सं ओरडल्या. कुंभार म्हणाला, "मोडली बिचारी. कारखानावाला दोन महिने जागा ठेवणार, पुढे नाही, असं सांगून गेलाय. पण तुमची आठवण काढते सारखी. हे दिलंय." त्यानं खिशातून निळ्या कापडाची एक पिशवी काढली. पिशवी नव्हे, गणवेशाच्या उरलेल्या तुकड्यांची, आत कापूस घातलेली, बाजूला दोन काजं आणि दोन बटणं असलेली टोपी. "प्लास्टरमधून बोटं उघडी राहतात ना, गार पडत असतील, म्हणाली. पडल्या पडल्या हातानं शिवलीय." त्यानंच ती माझ्या बोटांवर चढवली. बरोबर बसली. माझं माप तिनं कधी घेतलं होतं? बाकावर, त्या पाच मिनिटांत, नुसत्या नजरेनं.

ती टोपी मी सात आठवडे घातली. काढली असती तर वन्संनी कारण विचारलं असतं. बोटं उबेत होती आणि मला वाटायचं, जिचा पाय माझ्यामुळे सडतोय तिच्या हातात माझा पाय आहे. पाय कापला तर? मशीनचा आहे हो. रोज दुपारी जिन्यात अनोळखी पाऊल वाजलं की मी श्वास धरायचे. आता कुंभार येईल आणि सांगेल. कधी वाटायचं, हाका मारून वन्संना बोलवावं आणि सांगून टाकावं. एकदा बोलावलंही. त्या हात पुसत आल्या, "काय हवंय?" मी म्हटलं, "खिडकी थोडी लावता?" "आत्ताच तर उघडायला लावलीत!" त्या म्हणाल्या आणि लावून गेल्या.

पाचव्या आठवड्यात मला पुन्हा खुर्चीतून उतरवून फिल्म काढायला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली आणि पट्टी धरली. "सूज उतरली तसं हाड सरकलंय. दोन मिलिमीटर. काठावर आहे. राहू दिलं तर जुळेल, पण किंचित वाकडं. आत्ता ऑपरेशन केलं तर सरळ होईल. अभ्यासाचं सोडा, पाय तुमचा आहे. बोला." पुढच्या खोलीत, एका भिंतीपलीकडे, ती होती, तिची जखम दुसऱ्यांदा धुतली होती. मला तिला भेटायला न्या म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "जुळतंय तसं जुळू दे." लोकांना वाटलं बाई सोशिक आहे. एकदाच मिळणारी भीतीची सूट मी दोनदा घेतली.

मग काय झालं? जखम भरली. आठव्या आठवड्यात गळायची थांबली, अकराव्यात ती काठी घेऊन चालली, आणि तेराव्यात मशीनवर बसली. कारखानावाल्यानं जागा दिली, कुरकुरत का होईना. तिचा पाय सरळ जुळला, वाण्याच्या काट्यासारखा सरळ. माझं प्लास्टर निघालं तेव्हा आतून एक बारीक, केसाळ, परका पाय निघाला, आणि त्यावर उभी राहिले तर मी उजवीकडे झुकले. अजून झुकते. ज्यापासून पळाले ते तिला मिळालं आणि तिचं भलं झालं. हा हिशेब चुकता झाला असं मला वाटायला हवं होतं. मला मात्र एवढंच वाटलं की आता शिक्षासुद्धा माझीच मी ठरवून घेतलीय, आणि स्वस्तात.

जुलैमध्ये मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. "डॉक्टर, मला पाकिटं पाठ आहेत."

"कुठली?"

"सगळी."

त्यांनी कपाट उघडून यादी काढली, मोहोर फोडली आणि पेन्सिल घेतली. "म्हणा." मी उभ्यानं म्हणायला लागले, आईनं पाहुण्यांसमोर उभी केल्यासारखी. एक प्लास्टर, दोन प्लास्टर, तीन ऑपरेशन. पेन्सिल माझ्याबरोबर खाली सरकत होती. त्रेचाळीसवर ती थांबली. मी म्हणत राहिले, ऐंशीपर्यंत. त्यांनी पेन्सिल पुन्हा त्रेचाळीसवर आणली. मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही आधी आला होतात."

"हो."

"मी सगळ्यांना घाबरलो, बाई. धाकट्याला घाबरलो, की ओळखीच्याला हवं ते पाकीट देईल. उजेडाला घाबरलो, म्हणून कार्बन. तुम्हाला घाबरायचं सुचलंच नाही." त्यांनी दोन आकड्यांवर दोन रेघा मारल्या. "हे दोन पाय कशातच नाहीत. उरलेली पाकिटं मी स्वतः फोडून पुन्हा कालवतो. तुमची जागा तुमचीच राहील. दुसरी खात्रीची बाई मी कुठून आणू?" हे ते टोचून बोलले की सरळ, मला आजही कळलेलं नाही. दाराशी मी विचारलं, "आणि तिला?" ते म्हणाले, "तिला सांगायचं की नाही, हे माझ्या अभ्यासात बसत नाही."

त्या तळघरात मी पुढे बावीस वर्षं काम केलं. स्टूल बदललं, त्याला कठडा आला. अठ्ठ्याहत्तर पायांचा अभ्यास पुरा झाला. वर्षानंतर दोन्हीकडची माणसं जवळजवळ सारखीच चालत होती. एका बाजूला सरकलेली हाडं थोडी जास्त, दुसऱ्या बाजूला गळलेल्या जखमा. तो छापलेला कागद मीच फायलीला लावला.

आता ती सगळी माणसं. धाकटे डॉक्टर दुसऱ्या गावी जाऊन मोठे डॉक्टर झाले, आणि ऐकते की पाकिटांवर फार कडक होते. कुंभार निवृत्त होईपर्यंत हलक्या, तयार पट्ट्या आल्या होत्या, "ही काय भाजणी!" म्हणत तो गेला. मोठे डॉक्टर म्हातारपणी न्हाणीघरात पडले आणि त्यांचाच घोटा मोडला. त्यांच्या शिष्यांनी विचारलं, काय करायचं? ते म्हणाले, "पाकीट आणा." सगळे हसले, पाकीट कुणी आणलं नाही. वन्सं त्या खिडकीजवळच्या पलंगावरच गेल्या. शेवटचे चार महिने त्यांचं भांडं मी दिलं-घेतलं. आमचे हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. माझी ती थोरवीची गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत होते. त्यांचं एक पितळी वजन माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

आणि ती. कारखाना सोडून तिनं स्वतःची मशीन घेतली. दर वर्षी एकदा ती तीन मजले चढून माझं माप घ्यायला यायची आणि माझे घरात घालायचे लांब गाउन शिवायची. मी झुकते म्हणून गाउनची कड उजवीकडे जमिनीला लागायची. तिनं ते पहिल्याच वर्षी पाहिलं आणि काही न बोलता उजवीकडची कड अर्धा बोट आखूड केली. तेव्हापासून माझे गाउन चारी बाजूंनी सारखे दिसायचे. एकोणीस वर्षं. विसाव्या वर्षी ती गुडघे टेकून, तोंडात टाचण्या धरून घेर मापत होती, आणि मी वरून तिला सगळं सांगितलं. पाकिटं, पाठ असणं, त्रेचाळीस. तिनं एकेक टाचणी तोंडातून काढून उशीत टोचली. मग हसली. "म्हणजे तुम्ही भ्यालात म्हणून माझा पाय सरळ झाला म्हणायचा." मी म्हटलं, "तुझा पाय गेला असता." ती म्हणाली, "गेला नाही ना, ताई." चहा घेतला, सुनेबद्दल बोलली, मोजपट्टी गुंडाळली आणि गेली. तिचं पाऊल जिन्यात तीन मजले उतरताना मी ऐकलं. एकसारखं, कुठेही न अडखळणारं.

पंधरा दिवसांनी गाउन आला, सुनेच्या हाती. टिपा नेहमीसारख्या बारीक, बटणं घट्ट. मी तो घालून आरशासमोर उभी राहिले. कड दोन्ही बाजूंना अगदी सारखी कापली होती, सरळ पायांच्या बाईची असते तशी. आणि माझ्या अंगावर ती उजवीकडे जमिनीला टेकली होती. ती माप चुकणारी बाई नव्हती. त्यानंतर ती आली नाही. तो गाउन मी अजून घालते. चालताना एका बाजूनं कड घासत जाते, आणि मला तो आवाज आता पाठ आहे.